पोथ्या घरोघरी होत्या

बायबलचा विषय निघाला, की चारचौघांत एक वाक्य हमखास येते. "ते बायबल ना, कॉन्स्टँटाइन बादशहाने ठरवलेले. नायसियाला सभा भरवली, सोयीची पुस्तके ठेवली, अडचणीची जाळून टाकली." बोलणारा ख्रिस्ती धर्माचा द्वेष्टा असतो असे नाही. बहुधा त्याने डॅन ब्राउनची २००३ सालची 'द दा विंची कोड' वाचलेली असते, इंग्रजीत नाहीतर मराठी अनुवादात, आणि त्यातल्या एका पात्राने छातीठोकपणे सांगितलेली गोष्ट इतिहास म्हणून त्याच्या डोक्यात बसलेली असते. ही समजूत आता इतकी रुळली आहे, की तिला पुरावा मागणाराच भाबडा ठरतो.

खंडन करायचे तर पूर्वपक्ष आधी पुऱ्या ताकदीने मांडला पाहिजे. तो असा : कॉन्स्टँटाइनला फुटीर साम्राज्य एकसंध करायचे होते. त्याने इ.स. ३२५ मध्ये नायसिया येथे बिशपांची सभा स्वतः बोलावली, तिचा खर्च सोसला, तिच्यात तो जातीने बसला. पुढे काही वर्षांनी त्याने कैसरियाचा बिशप युसेबियस याच्याकडून पवित्र ग्रंथाच्या ५० प्रती राजधानीसाठी मागवल्या. आज हाती असलेल्या सर्वांत जुन्या भरीव बायबल-पोथ्या, सायनायटिकस आणि व्हॅटिकनस, चौथ्या शतकातल्याच आहेत. आणि १९४५ मध्ये इजिप्तमध्ये नाग हम्मादीला सापडलेल्या संग्रहात थोमाच्या नावाने चालणाऱ्या शुभवर्तमानासारखे जे ग्रंथ निघाले, ते बायबलात नाहीत. म्हणजे कोणीतरी ते बाहेर काढले.

यातली एकेक घटना खरी आहे. चुकला आहे तो निष्कर्ष.

नायसियाच्या सभेपासूनच सुरुवात करू. तिथे वाद होता अलेक्झांड्रियाच्या एरियसच्या मताचा : पुत्र हा पित्याच्या बरोबरीचा की पित्याने निर्माण केलेला? दुसरा विषय ईस्टरच्या तारखेचा. सभेने एक श्रद्धासूत्र संमत केले आणि वीस नियम केले. बिशपांच्या नेमणुका, धर्मत्याग करून परत आलेल्यांचे प्रायश्चित्त, पुरोहितांनी व्याजबट्टा करू नये, असे हे नियम आहेत. पवित्र पुस्तकांची यादी त्यांत नाही. जेरोम या पंडिताने यूदीथच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत, नायसियाच्या सभेने ते पवित्र ग्रंथांत धरल्याचे वाचनात आहे, असा ओझरता उल्लेख केला आहे. पण तो एका पुस्तकाचा. आणि गंमत अशी, की प्रॉटेस्टंट बायबलात नेमके तेच पुस्तक नाही.

मग ही कथा आली कुठून? नवव्या शतकाच्या अखेरीस रचलेल्या 'सिनोडिकॉन वेटुस' नावाच्या ग्रीक संग्रहातून. त्यात म्हटले आहे, की नायसियाला सगळी पुस्तके वेदीपाशी ठेवून बिशपांनी प्रार्थना केली, तेव्हा खरी पुस्तके वर राहिली आणि बनावट खाली गेली. सभेनंतर साडेपाचशे वर्षांनी लिहिलेला हा चमत्कार. अठराव्या शतकात व्हॉल्तेअरने तो चेष्टेसाठी उचलला. चमत्कार गळाला, सभेने निवड केल्याचा भाग तेवढा उरला. श्रद्धाळूंनी रचलेली दंतकथा आज चिकित्सक म्हणवणारे पुढे चालवतात, याला काय म्हणावे?

आता त्या ५० प्रती. सम्राटाचे पत्र युसेबियसने कॉन्स्टँटाइनच्या चरित्रात दिले आहे. प्रती चर्मपत्रावर असाव्यात, वाचायला सुबक, हाताळायला सोप्या, लेखनिक कसलेले असावेत, आणि त्या सरकारी गाड्यांतून पाठवाव्यात, असे त्यात आहे. कोणती पुस्तके घ्यावीत याबद्दल एक अक्षरही नाही. आजचीच यादी या प्रतींतून साम्राज्याची म्हणून ठरली असती, तर निदान राजधानीत तरी ती चालली असती. पण कॉन्स्टँटिनोपलचे बिशपपद भूषवलेल्या आणि तिथल्या ३८१ च्या सभेत अध्यक्षस्थानी बसलेल्या नाझियान्झसच्या ग्रेगरीने पद्यात जी यादी दिली, तिच्यात प्रकटीकरणाचे पुस्तक नाहीच. सम्राटाच्या नगरीचा बिशपच जी यादी पाळत नाही, ती सम्राटाने लादली कशी म्हणायची?

मुळात पूर्वपक्षात एक गोष्ट गृहीत धरली आहे : पुस्तके एका जागी होती आणि ती गोळा करता येत होती. हे गृहीतक तपासायला एक जुना दस्तऐवज उपयोगी पडतो.

१९ मे ३०३. नायसियाला अजून बावीस वर्षे आहेत. सम्राट डायोक्लेशियनने ख्रिस्ती ग्रंथ जप्त करून जाळण्याचे फर्मान काढले आहे. उत्तर आफ्रिकेतल्या सिर्टा गावी मुनेशियस फेलिक्स हा अधिकारी ख्रिस्ती लोक जमत त्या घरात शिरतो. कारकून यादी करतो : सोन्याचे दोन पेले, चांदीचे सहा, दिवे, बायकांचे ८२ अंगरखे. पुस्तकांची कपाटे उघडली तर ती रिकामी. एक मोठी पोथी कोणीतरी आणून देतो. बाकीची? ती वाचकांकडे आहेत. मग अधिकारी दारोदार फिरतो. एका वाचकाकडे पाच पोथ्या मिळतात, व्हिक्टोरिनसकडे आठ, प्रोजेक्टसकडे पाच मोठ्या नि दोन लहान. व्हिक्टर नावाच्या व्याकरण-शिक्षकाकडे दोन पोथ्या आणि शिवायच्या राहिलेल्या चार जुड्या. एक गृहस्थ घरी नाहीत, त्यांची बायको सहा पोथ्या काढून देते. हा पंचनामा पुढे ३२० मध्ये एका चौकशीत वाचला गेला, म्हणून तो टिकला.

आफ्रिकेतल्या एका गावात ही स्थिती. अंतियोख, अलेक्झांड्रिया, रोम, लियों, एदेसा इथल्या घराघरांतल्या पोथ्यांची कल्पना करा. ज्यांना पोथ्या जाळायच्याच होत्या त्या राज्यकर्त्यांना त्या साऱ्या मिळाल्या नाहीत. मग बावीस वर्षांनी त्या सगळ्या मागवून, हव्या तशा बदलून परत कोणी दिल्या? सिर्टाचे नाव नंतर बादशहावरूनच कॉन्स्टँटीन पडले, आजही अल्जीरियात ते शहर त्याच नावाने आहे. गावाला बादशहाचे नाव मिळाले, गावातल्या पोथ्या मात्र त्याच्या नव्हत्या.

पुस्तके ठरली ती वाचनाने. कोणत्या मंडळीत रविवारी काय वाचले जाते, ही खरी कसोटी होती. लियोंचा बिशप आयरेनियस इ.स. १८० च्या सुमारासच चार शुभवर्तमाने, ना कमी ना जास्त, असे आग्रहाने सांगतो. थोमाचे शुभवर्तमान नायसियाने वगळले हे म्हणणे इथेच ढासळते, कारण दीडशे वर्षे आधीच ते मोठ्या मंडळ्यांच्या वाचनात नव्हते. उलट काठावरच्या पुस्तकांबद्दल शतकानुशतके घोळ चालू राहिला. युसेबियसने आपल्या इतिहासात पुस्तकांचे सरळ ढीग केले आहेत : सर्वमान्य, वादग्रस्त आणि बनावट. याकोबाचे पत्र, यहूदाचे पत्र, पेत्राचे दुसरे पत्र त्याने वादग्रस्तांत टाकली. प्रकटीकरण कुठे ठेवावे हे त्याला ठरवताच आले नाही, म्हणून त्याने त्याचा उल्लेख दोन ढिगांत केला. ज्याच्याकडून सम्राटाने ५० प्रती मागवल्या, त्या माणसाची ही अवस्था! सायनायटिकस पोथीत तर नव्या कराराला जोडून बर्नबाचे पत्र आणि 'हर्मासचा मेंढपाळ' आहेत, आणि आज ते कोणत्याच नव्या करारात नाहीत.

आज ज्या २७ पुस्तकांना नवा करार म्हणतात, ती नेमकी यादी प्रथम दिसते अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या ३६७ सालच्या पत्रात. तीही त्याच्या अधिकारक्षेत्रापुरती. पेशिट्टा या सिरियाक अनुवादात मुळात २२ च पुस्तके होती. इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स मंडळीचे बायबल ८१ पुस्तकांचे मोजतात. ल्यूथरने १५२२ च्या जर्मन नव्या करारात इब्री, याकोब, यहूदा आणि प्रकटीकरण ही चार पुस्तके शेवटी वेगळी ढकलली. कॅथलिक मंडळीने न मानणाऱ्याला बहिष्कृत ठरवणारी यादी काढली ती १५४६ मध्ये, ट्रेंटच्या सभेत. नायसियानंतर बाराशे वर्षांनी.

इथे पूर्वपक्षवाला पवित्रा बदलेल. तो म्हणेल, यादीचे असू द्या, पण मजकूर तर बदललाच ना? बदलला. ते झाकण्यात अर्थ नाही. मार्कच्या शुभवर्तमानाची शेवटची बारा वचने सायनायटिकसमध्येही नाहीत आणि व्हॅटिकनसमध्येही नाहीत. तिथे रिकामी कबर पाहून स्त्रिया घाबरून पळतात आणि ग्रंथ थांबतो. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची प्रसिद्ध कथा योहानाच्या सर्वांत जुन्या प्रतींत नाही. काही पोथ्यांत ती चक्क लूकच्या शुभवर्तमानात जाऊन बसली आहे. लोकांच्या मनात घर केलेल्या कथेला पोथीत जागा शोधावी लागली, याचा याहून बोलका पुरावा नाही.

धर्ममतासाठी केलेले बदलही आहेत. लूकच्या दुसऱ्या अध्यायात, ३३ व्या वचनात, जुन्या प्रती योसेफाला येशूचा पिता म्हणतात. कुमारीजन्माला बाध येईल म्हणून अनेक लेखनिकांनी तिथे पिता काढून योसेफ हे नाव घातले. मत्तयाच्या २४ व्या अध्यायात शेवटचा दिवस पुत्रालाही ठाऊक नाही असे म्हटले आहे. देवपुत्राला एखादी गोष्ट ठाऊक नसावी हे खटकले, म्हणून असंख्य प्रतींतून ते शब्द गेले.

पण हेच बदल नीट पाहा. ज्याने ३३ व्या वचनातला पिता काढला, त्याच्याच पोथीत पंधरा वचने खाली, ४८ व्या वचनात, मरिया स्वतःच्या तोंडाने योसेफाला येशूचा पिता म्हणते आणि ते तसेच राहते. मत्तयातून गेलेले पुत्राचे अज्ञान मार्कच्या १३ व्या अध्यायात जवळपास सगळ्या प्रतींत शाबूत आहे. सभेच्या हुकमाने संपादन करणारा इतका गबाळा असतो का? हे हात वेगवेगळ्या गावांतले, वेगवेगळ्या काळातले, एकेकटे बसलेले. जिथे खटकले तिथे त्यांनी खरडले, पुढे विसरून गेले. आणि नायसियात ज्या एरियसचा पराभव झाला, त्याच्या बाजूचे लोक जी वचने तोंडावर फेकत, ती पाहा. पिता माझ्याहून थोर आहे या आशयाचे योहानातले येशूचे वाक्य हे त्यांचे ब्रह्मास्त्र. विजेत्यांच्या हाती कात्री असती तर ते पहिले गेले असते. ते प्रत्येक बायबलात आहे.

सत्तेने कधी पुस्तके दडपलीच नाहीत असे मी म्हणत नाही. पाचव्या शतकात सीरियातल्या सायरसचा बिशप थिओडोरेट याने चार शुभवर्तमानांची एकत्र गुंफण करणाऱ्या तेशियनच्या 'दियातेसारोन'च्या दोनशेहून अधिक प्रती आपल्या मुलखातून गोळा करून हटवल्या, हे तो स्वतःच लिहितो. दडपणे असे दिसते : त्याची नोंद राहते, त्याची हद्द असते, आणि ते शंभर टक्के साधत नाही. तेशियनच्या ग्रंथाचा माग आजही लागतो.

मजकुरात हात घालणे किती अवघड होते, हे पाहायचे तर ४०३ च्या सुमाराचा ओएयाचा प्रसंग पाहावा. ओएया म्हणजे आजचे त्रिपोली. योनाच्या पुस्तकात, योना उन्हात बसला असता देव त्याच्यावर सावलीसाठी एक वेल वाढवतो. जुन्या लॅटिन अनुवादात तो भोपळ्याचा वेल होता. जेरोमने हिब्रूवरून नवा अनुवाद केला आणि तिथे आयव्हीचा वेल लिहिला. बिशपाने तो भर सभेत वाचताच लोक खवळले. पिढ्यान्‌पिढ्या कानांत बसलेला भोपळा गेला कुठे? बिशपाला गावातल्या यहुद्यांकडे जाऊन हिब्रू शब्दाची खातरजमा करावी लागली, आणि मंडळी हातची जाऊ नये म्हणून तो पाठ मागे घ्यावा लागला. उत्तर आफ्रिकेतलाच बिशप ऑगस्टिन याने हे सारे जेरोमला पत्राने कळवले आणि नव्या अनुवादाबद्दलची आपली काळजीही सांगितली. एका वेलासाठी एवढा गहजब होतो, तिथे बादशहा पानेच्या पाने बदलतो आणि कोणी हूं की चूं करत नाही, हे कसे मानायचे?

लेखनिकही गरीब गाय नव्हते. व्हॅटिकनस पोथीत इब्री लोकांस पत्राच्या सुरुवातीला मूळ लेखनिकाने एका शब्दात चूक केली : धारण करणारा असे हवे तिथे प्रकट करणारा असे लिहिले. कोणीतरी ते दुरुस्त केले. कित्येक शतकांनी तिसऱ्या एकाने ती दुरुस्ती खोडून मूळ शब्द परत लिहिला आणि समासात दुरुस्ती करणाऱ्याला मूर्ख नि लबाड म्हणून, जुने आहे तसे राहू दे असे खडसावले. बिचारा ज्याच्यासाठी भांडला ती मुळातली चूकच होती. पण तिघांचेही हात एकाच पानावर आज दिसतात. कोणी कोणाला पुसून टाकू शकला नाही.

बनावट वचन घुसले आणि पकडले गेले याचेही उदाहरण आहे. योहानाच्या पहिल्या पत्रातले, स्वर्गात साक्ष देणारे तीन आहेत असे त्रैक्य उघड सांगणारे वचन लॅटिन परंपरेत वाढले. इरॅस्मस या पंडिताने १५१६ मध्ये ग्रीक नवा करार छापला तेव्हा ते त्याला ग्रीक पोथ्यांत मिळाले नाही, म्हणून त्याने घेतले नाही. आरडाओरडा झाला. मग ते असलेली एक ताजी ग्रीक पोथी पुढे आली, आणि १५२२ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्याने ते घातले. तिथून ते १६११ च्या किंग जेम्स बायबलात गेले. १६९० मध्ये आयझॅक न्यूटनने, होय, गुरुत्वाकर्षणवाल्याच न्यूटनने, हे वचन प्रक्षिप्त असल्याचे पोथ्यांच्या आधारे दाखवणारा निबंध जॉन लॉकला पाठवला. १८८१ च्या इंग्रजी सुधारित आवृत्तीतून ते वगळले गेले. म्हणजे ग्रीक मजकुरातला सर्वांत गाजलेला शिरकाव नायसियाचा नाही, छापखान्याच्या काळातला आहे. पोथी लिहिणाऱ्याची चूक एका गावात राहते, छापणाऱ्याची चूक जगभर जाते.

१७०७ मध्ये ऑक्सफर्डच्या जॉन मिलने शंभरेक पोथ्या ताडून नव्या करारात सुमारे ३०,००० पाठभेद दाखवले, तेव्हा नास्तिकांना हर्ष झाला आणि भाविकांना धडकी भरली. रिचर्ड बेंटली या इंग्रज पंडिताने दोघांनाही सुनावले : एकच पोथी असती तर एकही पाठभेद नसता, आणि तिच्यातली एकही चूक कळली नसती. आज ग्रीक पोथ्या पाच हजारांवर आहेत आणि पाठभेदांचा अंदाज लाखांत जातो. त्यातले बहुसंख्य शुद्धलेखनाचे आणि शब्दक्रमाचे.

हाच युक्तिवाद उलट बाजूच्या समजुतीलाही लागू होतो. बायबलची एक काना-मात्राही बदलली नाही, असे सांगणारे मृत समुद्राकाठी १९४७ पासून सापडलेल्या गुंडाळ्यांचा हवाला देतात. तिथली यशयाची सात मीटरहून लांब गुंडाळी मध्ययुगीन हिब्रू पोथ्यांपेक्षा हजार वर्षांनी जुनी आणि मजकूर मोठ्या प्रमाणावर तोच. हे खरे. पण त्याच गुहांत यिर्मयाची अशी हिब्रू पाने मिळाली, जी ग्रीक भाषांतरातल्या आखूड यिर्मयाशी जुळतात. तो प्रचलित हिब्रूहून सुमारे एक-अष्टमांशाने लहान आहे. १४५ वे स्तोत्र घ्या. ते वर्णमालेच्या क्रमाने रचलेले आहे, हिब्रूच्या २२ अक्षरांचे एकेक वचन. पण परंपरागत संहितेत वचने २१ आहेत. 'म'नंतर एकदम 'स', मधला 'न' गायब. ग्रीक आणि सिरियाक अनुवादांत ते वचन होते, आणि मृत समुद्राकाठच्याच एका स्तोत्र-गुंडाळीत ते हिब्रूतही मिळाले. ते मुळातले की भोक बुजवायला नंतर केलेले, यावर पंडितांत अजून वाद आहे. या परंपरागत संहितेची अक्षरे मोजून ठेवणाऱ्या मसोरेती लेखनिकांनीही, जे हाती आले तेच जपले.

मराठी वाचकाला हे नवे वाटू नये. पुण्याच्या भांडारकर संस्थेत विष्णु सीताराम सुखटणकर आणि त्यांच्या मागून आलेल्यांनी बाराशेहून अधिक हस्तलिखिते ताडून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सित आवृत्ती पुरी केली. गणपती लेखनिक झाल्याची कथा त्यांनी मूळ संहितेतून परिशिष्टात टाकली. म्हणून कोणी महाभारत एका राजाने बनवले असे म्हणाले नाही. प्रक्षेप ओळखता आले, कारण काश्मीरची पोथी केरळच्या पोथीला विचारून लिहिलेली नव्हती. बायबलचेही तेच आहे. पंडिता रमाबाई पुराणिकांच्या घरातल्या, त्यांना हे सांगावे लागले नसते. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सारे बायबल मराठीत आणले. त्या १९२२ मध्ये वारल्या, ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

तेव्हा निर्णय असा : बायबल बदलले, पुष्कळ बदलले, पण ते कोणा एकाने बदलले नाही. म्हणूनच बदल लपले नाहीत. आणि यादीबद्दल अजूनही शंका असेल, तर वसईच्या एखाद्या कॅथलिक घरातले मराठी बायबल घ्या, नगरच्या एखाद्या प्रॉटेस्टंट घरातले घ्या, आणि दोन्हींच्या अनुक्रमणिका मोजा. एकीकडे ७३ पुस्तके भरतील, दुसरीकडे ६६. नायसियाला ठरले असते, तर आकडा एकच आला असता.